इंग्रजी शिकणे आणि इंग्रजीतून शिकणे

२०२५च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात भाषेच्या प्रश्नावर मोठे वादळ उठले. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकवण्याचा निर्णय राज्य सरकारने १६ एप्रिल रोजी जाहीर केला. त्यावर साहित्यिक, शिक्षणतज्ज्ञ, राजकीय पक्ष आणि पालक यांनी कडाडून टीका केली. जूनमध्ये निर्णयात थोडा फेरफार झाला, तरी विरोध शमला नाही आणि अखेर २९ जून रोजी सरकारला माघार घ्यावी लागली. सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर किती भाषांचे ओझे ठेवावे, लिपी पक्की होण्यापूर्वी दुसरी भाषा शिकवावी काय, शिक्षक कोठून आणणार, हे प्रश्न त्या निमित्ताने विचारले गेले, हे चांगलेच झाले. मात्र या साऱ्या गदारोळात पहिलीच्या वर्गात आधीपासूनच बसलेल्या एका भाषेकडे फारसे कोणी बोट दाखवले नाही. ती भाषा म्हणजे इंग्रजी.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय २००० सालच्या जूनमध्ये सुरू झाला. हिंदीबाबत जे प्रश्न विचारले गेले, ते सारेच्या सारे इंग्रजीलाही लागू होते. किंबहुना अधिक लागू होते. कारण हिंदीची लिपी तरी मुलाच्या ओळखीची असते आणि ती भाषा त्याच्या कानावरून अधूनमधून जात असते. तरीही इंग्रजीबाबत ते प्रश्न आपल्याला सुचत नाहीत. एखाद्या भाषेचे वर्चस्व पूर्ण झाले, याची खूण हीच असते. त्या भाषेचे स्थान हा वादाचा विषय राहत नाही. पाऊस पडावा, ऊन पडावे, तसे ते गृहीत धरले जाते.

इंग्रजीची उपयुक्तता नाकारण्याचा येथे हेतू नाही. ती ज्ञानाची, व्यापाराची आणि उच्च न्यायालयाची भाषा आहे, हे उघडच आहे. प्रश्न वेगळा आहे. जगावरील इंग्रजीच्या या सत्तेने भाषा शिकवण्याच्या कामाचे काय केले? इंग्रजी चांगले शिकवले जाऊ लागले काय? मराठीचे अध्यापन सुधारले की बिघडले? या प्रश्नांची उत्तरे शोधताना एका घोटाळ्यापाशी यावे लागते. इंग्रजी शिकणे आणि इंग्रजीतून शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि आपण त्या एकच मानून बसलो आहोत.

वर्चस्वाचा इतिहास

इंग्रजी जगभर पसरली ती तिच्या अंगच्या काही खास गुणांमुळे, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. व्याकरण सोपे, शब्दसंग्रह मोठा, वृत्ती उदार, अशी कारणे दिली जातात. इतिहास मात्र वेगळे सांगतो. विसाव्या शतकाच्या आरंभी विज्ञानाच्या क्षेत्रात इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच या तीन भाषा खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. रसायनशास्त्राच्या अभ्यासकाला तर जर्मनवाचून गत्यंतर नव्हते. राजनीतीची भाषा फ्रेंच होती. १९१९ सालचा व्हर्सायचा तह फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत सारख्याच अधिकाराने लिहिला गेला, तेव्हा फ्रेंचची ती मिरासदारी प्रथम मोडली.

जर्मनची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९१५ साली अमेरिकेतील माध्यमिक शाळांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे चोवीस टक्के विद्यार्थी जर्मन शिकत होते. १९२२ साली हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले. सात वर्षांत जर्मन व्याकरण काही अवघड झाले नव्हते. महायुद्ध झाले होते आणि जर्मन ही शत्रूची भाषा ठरली होती. नेब्रास्का राज्याने १९१९ साली असा कायदा केला की, आठवी उत्तीर्ण होण्यापूर्वी मुलांना इंग्रजीखेरीज अन्य आधुनिक भाषा शिकवणे हा गुन्हा ठरावा. रॉबर्ट मेयर नावाच्या एका शिक्षकाने दहा वर्षांच्या मुलाला जर्मनमध्ये वाचन शिकवले, म्हणून त्याला पंचवीस डॉलर दंड झाला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली हा कायदा रद्द ठरवला. तथापि तोवर वर्ग ओस पडले होते. पुढे दुसरे महायुद्ध झाले, युरोपातील शास्त्रज्ञ देशोधडीला लागून अमेरिकेत गेले, आणि पैसा, प्रयोगशाळा व नियतकालिके यांचे केंद्रही तेथेच सरकले.

या इतिहासाचा अर्थ इतकाच की, इंग्रजीचे वर्चस्व तोफांनी, व्यापाराने आणि कायद्यांनी घडवले, आणि ते ज्या ठिकाणी पक्के झाले त्यांत शाळेचा वर्ग हे एक प्रमुख ठिकाण होते.

माकेरेरेची पंचसूत्री

साम्राज्य मावळू लागल्यावर हे काम अधिक पद्धतशीर झाले. ब्रिटिश कौन्सिलची स्थापना १९३४ सालची. १९६१ साली युगांडातील माकेरेरे येथे राष्ट्रकुलातील देशांची एक परिषद भरली. दुसरी भाषा म्हणून इंग्रजी कशी शिकवावी, हा तिचा विषय. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांच्या शाळांवर या परिषदेच्या विचारांचा दीर्घकाळ प्रभाव राहिला. रॉबर्ट फिलिपसन या अभ्यासकाने १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाषिक साम्राज्यवादावरील ग्रंथात या विचारांतून पाच सूत्रे वेगळी काढली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे तो आदर्श शिक्षक. इंग्रजी जितक्या लवकर सुरू करावी तितके बरे. ती जितकी अधिक कानावर पडेल तितके बरे. आणि अन्य भाषांचा वापर वाढला की इंग्रजीचा दर्जा घसरतो. फिलिपसन यांनी या पाचही सूत्रांना भ्रम म्हटले आहे.

आपल्याकडील कोणत्याही गावातील पालकाला माकेरेरे हे नाव माहीत नसते. पण ही पाचही सूत्रे त्याला तोंडपाठ असतात. बालवाडीपासून इंग्रजी हवे, घरीही मुलाशी इंग्रजीतच बोलावे, वर्गात मराठी बोलल्यास दंड करावा, शिक्षिकेचे नाव परकी वाटले तर अधिक उत्तम, या समजुती आपोआप उगवलेल्या नाहीत. या सूत्रांमुळे कोणाची सोय होते, हेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवायची म्हटली की एकच पाठ्यपुस्तक लंडनमध्ये छापून लागोसपासून क्वालालंपूरपर्यंत विकता येते. विद्यार्थ्याची भाषा शिकवणाऱ्याला येत नसणे हा दोष न राहता गुण ठरतो. १९६४ साली सुरू झालेली टोफेल आणि १९८९ साली सुरू झालेली आयेल्ट्स या परीक्षांच्या शिकवणी वर्गांचे फलक आता तालुक्याच्या गावीही दिसतात. भाषा शिकवणे ही विद्या होती. तिचा मोठा उद्योग झाला.

मराठी माणसाला याच्या उलट असा एक जुना अनुभव आहे. आपल्याकडील कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य घ्यावे, त्याची घडण ओळखावी, इंग्रजीची घडण तिच्याशी ताडून पाहावी आणि मग भाषांतर करावे, अशी ती रीत. त्या रीतीत उणिवा होत्याच. उच्चार कच्चे राहत, बोलण्याचा सराव होत नसे. परंतु त्या रीतीने शिकलेला विद्यार्थी दोन्ही भाषांकडे डोळसपणे पाहायला शिके. कर्म कोठे आले, क्रियापद कोठे गेले, हे तो सांगू शके. संरचनात्मक पद्धती, प्रत्यक्ष पद्धती, संवादी पद्धती अशी नावे घेत नवे मार्ग आले आणि मराठीला इंग्रजीच्या वर्गाबाहेर उभे करण्यात आले. ज्या मुलाच्या घरी इंग्रजीचा गंध नाही, त्याच्या हातातील एकमेव शिडी अशा रीतीने काढून घेण्यात आली.

प्रयोग काय सांगतात?

१९७० साली नायजेरियातील इफे येथे बाबाटुंडे फाफुन्वा यांच्या नेतृत्वाखाली एक प्रयोग सुरू झाला. तेथे प्राथमिक शाळेत पहिली तीन वर्षे योरुबा या मातृभाषेतून आणि नंतर इंग्रजीतून शिकवण्याची रूढी होती. प्रयोगातील मुलांना सहाही वर्षे सर्व विषय योरुबातून शिकवले गेले आणि इंग्रजी हा केवळ एक विषय ठेवला गेला. मात्र तो शिकवण्यासाठी स्वतंत्र, त्याच कामाचे शिक्षण घेतलेला शिक्षक नेमला गेला. परिणाम असा दिसला की, ही मुले अन्य विषयांत सरस ठरलीच, पण इंग्रजीतही मागे पडली नाहीत. इंग्रजीचे तास कमी मिळूनही इंग्रजी बिघडले नाही, याचे कारण ते इंग्रजी जाणणाऱ्या माणसाने शिकवले.

उलट दिशेने झालेले प्रयोगही पाहावेत. मलेशियाने २००३ साली गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवण्यास आरंभ केला. शिक्षकांना ती भाषा पुरेशी येत नव्हती आणि ग्रामीण भागातील मुले मागे पडत होती. २००९ साली सरकारने धोरण मागे घेण्याचे ठरवले आणि २०१२पासून टप्प्याटप्प्याने हे विषय पुन्हा मलय आणि अन्य मातृभाषांकडे वळवले. पुढे काही शाळांना इंग्रजीची ऐच्छिक मुभा दिली गेली. सरसकट सक्तीची वाट मात्र सोडून देण्यात आली. रवांडाने २००८ साली फ्रेंच बाजूला सारून इंग्रजी हे शिक्षणाचे माध्यम ठरवले. बहुसंख्य शिक्षकांनाच इंग्रजी येत नव्हते, त्यामुळे २०११ साली पहिली तीन वर्षे किन्यारवांडाकडे परत जावे लागले, आणि २०१९च्या अखेरीस पुन्हा पहिलीपासून इंग्रजीचा निर्णय झाला. अकरा वर्षांत तीन वेळा दिशा बदलली. त्या वर्षांत शाळेत असलेल्या मुलांचे हरवलेले शिक्षण कोणी भरून द्यावयाचे?

याच्या शेजारी नेदरलँड्सचे उदाहरण ठेवावे. तेथील सामान्य माणूस सफाईने इंग्रजी बोलतो, याचे कौतुक आपल्याकडील प्रवासी नेहमी करतात. तेथील मुले मात्र शाळेत गणित, इतिहास आणि विज्ञान डचमधून शिकतात. इंग्रजी हा १९८६पासून प्राथमिक शाळेतील सक्तीचा विषय आहे, माध्यम नाही. डच ही इंग्रजीची जवळची नातलग आहे आणि दूरचित्रवाणीवर इंग्रजी सतत कानी पडते, ही सोय त्यांना आहे, हे मान्य. पण विषय म्हणून शिकलेले इंग्रजी जगात वावरण्यास पुरेसे होते, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

यामागील कारण अवघड नाही. जिम कमिन्स या अभ्यासकाने १९७९ सालापासून मांडलेली उपपत्ती अशी की, मूल एका भाषेत वाचन, विचार आणि युक्तिवाद यांची जी क्षमता कमावते, ती त्याला दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते. रोजच्या बोलण्यापुरती परभाषा दोनेक वर्षांत येते; अभ्यासाला लागणारी भाषा येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. ही पाच ते सात वर्षे मूल ज्या भाषेतून विचार करू शकत नाही तिच्यात त्याला कोंडून ठेवले, तर ते गप्प बसून पाठांतर करते. आपल्या अनेक शाळांतील शांततेचे हेच रहस्य आहे.

आपला अनुभव

हा वाद आपल्याला नवा नाही. मुंबईच्या शिक्षण मंडळात १८४०च्या दशकात तो रंगला होता. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीचे आग्रही होते, तर जगन्नाथ शंकरशेट यांनी सामान्य जनतेचे शिक्षण देशी भाषांतूनच झाले पाहिजे, असा पक्ष मांडला. शंकरशेट इंग्रजीचे शत्रू नव्हते. एल्फिन्स्टनच्या नावाने उभ्या राहिलेल्या इंग्रजी शिक्षणसंस्थेला त्यांचाच आधार होता. इंग्रजी हवे आणि शिक्षण मराठीतून हवे, या दोन गोष्टींत त्यांना विरोध दिसला नाही. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले तेव्हा हेच सूत्र स्वीकारले. शिक्षण मातृभाषेतून आणि इंग्रजी सक्तीचा विषय. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने १९१८पासून उर्दूतून उच्च शिक्षणाची योजना आखली, भाषांतरासाठी स्वतंत्र खाते उभारले, पुढे वैद्यक आणि अभियांत्रिकीही उर्दूतून शिकवली, आणि इंग्रजी मात्र सक्तीचा विषय ठेवला. मराठवाड्यातील मराठी मुलाला ती उर्दूही परकीच होती, हा त्या योजनेतील अन्याय विसरता येत नाही. तथापि देशी भाषेत उच्च शिक्षण अशक्य आहे, हा आक्षेप त्या विद्यापीठाने कृतीने खोटा ठरवला होता.

स्वातंत्र्यानंतर आपण या सूत्राची मोडतोड केली, आणि ती दोन्ही बाजूंनी केली. पहिल्या काही वर्षांत मुंबई राज्यात सरकारी अभ्यासक्रमातील इंग्रजी आठवीपर्यंत मागे ढकलले गेले. इंग्रजी माध्यमाच्या शाळा मात्र चालूच राहिल्या. १९५४ साली या शाळांचे दरवाजे बहुसंख्य भारतीय मुलांना बंद करण्याचा हुकूम सरकारने काढला. सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द ठरवला. सामान्यांच्या मुलांचे इंग्रजी कमी करावयाचे आणि वरच्या थरातील मुलांनी इंग्रजी शाळेत जावयाचे, हा दुटप्पीपणा लोकांच्या नजरेतून सुटला नाही. मराठी माध्यमावरील अविश्वासाचे बीज तेथे पेरले गेले. पुढे इंग्रजी पाचवीवर आले, २००० साली पहिलीवर आले, आणि त्यापाठोपाठ गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमी-इंग्रजीचे वर्ग गावोगाव निघाले.

या साऱ्या धावपळीने हाती काय लागले? ग्रामीण भारतातील मुलांची 'असर' ही पाहणी सांगते की, २०२२ साली पाचवीतील २४.५ टक्के मुलांनाच साधी इंग्रजी वाक्ये वाचता येत होती. २०१६ साली हे प्रमाण २४.७ टक्के होते. म्हणजे ते जेथल्या तेथेच आहे. त्याच पाहणीनुसार दुसरीच्या पातळीचा आपल्या भाषेतील उतारा वाचू शकणारी पाचवीतील मुले ४२.८ टक्के होती. हे आकडे सर्व देशाचे आहेत, आणि त्यांना महासाथीच्या काळातील बंद शाळांचीही पार्श्वभूमी आहे. तरी निष्कर्ष स्पष्ट आहे. ज्याला आपल्या भाषेतील परिच्छेद वाचता येत नाही, त्याला इंग्रजीतून विज्ञान शिकवण्याचा बेत आपण आखत आहोत.

यात शिक्षकाला दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक अनेकदा दोन-दोन वर्ग एकत्र सांभाळतो, माहिती भरतो, निवडणुकीची कामे करतो आणि सर्व विषय शिकवतो. तो स्वतः पाचवी किंवा आठवीपासून इंग्रजी शिकलेला. त्याला चार दिवसांचे प्रशिक्षण देऊन उद्यापासून इंग्रजीतून शिकव म्हणणे, म्हणजे पोहता न येणाऱ्याला जीवरक्षक नेमण्यासारखे आहे.

दुसरी बाजू

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मातृभाषेचा उपदेश करणाऱ्यांची स्वतःची मुले कोठे शिकतात, असा तो प्रश्न आहे. सावित्रीबाई फुले यांनी एकोणिसाव्या शतकातच इंग्रजीला माउली म्हटले. जी विद्या संस्कृतच्या दाराआड कोंडली गेली होती, ती इंग्रजीच्या वाटेने शूद्रातिशूद्रांना मिळू शकेल, ही त्यामागील आशा होती. २०१० साली उत्तर प्रदेशातील बांका या गावी दलितांनी इंग्रजी देवीचे मंदिर उभारण्यास आरंभ केला. त्याला हसणाऱ्यांनी स्वतःला आधी एक प्रश्न विचारावा. आपल्याला नोकरी कशामुळे मिळाली?

प्रमाण मराठी ही सर्व मराठी मुलांची मातृभाषा आहे, हेही अर्धसत्य आहे. पाठ्यपुस्तकातील 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द शेतमजुराच्या घरात कधीच उच्चारला जात नाही. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंड किंवा नंदुरबारमधील भिल्ल मुलाला मराठी शाळेत नेमके तेच सोसावे लागते, जे मराठी मुलाला इंग्रजी शाळेत सोसावे लागते. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे १९५६ साली राज्यघटनेत आलेले ३५०-अ हे कलम सांगते. मराठीसाठी जो न्याय आपण मागतो तो कोरकूला नाकारला, तर आपली मागणी तत्त्वाची राहत नाही.

म्हणूनच इंग्रजी कमी करा, ही मागणी चुकीची आहे. ती एकदा करून पाहिली, आणि तिचा तोटा गरिबांनाच झाला. माध्यमाची सक्तीही टिकणारी नाही. २०१४ साली कर्नाटकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मातृभाषा हेच माध्यम ठेवा अशी सक्ती सरकारला करता येणार नाही. गरिबाच्या मुलाला इंग्रजी मिळालेच पाहिजे. पण त्याला आज जे दिले जाते ते इंग्रजी नाही, त्याचा केवळ फलक आहे. टाय बांधलेला, गणवेश घातलेला, उत्तरे घोकणारा आणि कोणत्याच भाषेत एक पानभर स्वतःचे लिहू न शकणारा विद्यार्थी त्यातून बाहेर पडतो. जी भाषा मुक्तीचे साधन म्हणून मागितली, ती भुलवण्याचे साधन झाली आहे. सुशिक्षित घरातील मूल घरच्या आधारावर यातून तरते. ज्याला तो आधार नाही, ते बुडते, आणि बुडाल्याचा दोषही त्याच्याच बुद्धीवर येतो.

बाकीच्या भाषांचे काय?

इंग्रजीच्या सत्तेचा परिणाम केवळ दुर्बळ भाषांवर झाला, असेही नाही. खुद्द इंग्रजी बोलणाऱ्या देशांत भाषाशिक्षण रोडावले आहे. इंग्लंडने २००४ साली चौदा वर्षांवरील विद्यार्थ्यांसाठी परकी भाषा ऐच्छिक केली. २००२ साली सुमारे तीन-चतुर्थांश विद्यार्थी शालान्त परीक्षेला परकी भाषा घेत. २०११पर्यंत हे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांवर आले. अमेरिकेतील महाविद्यालयांत इंग्रजीखेरीज अन्य भाषा शिकणाऱ्यांची संख्या २०१६ ते २०२१ या काळात १६.६ टक्क्यांनी घटली. सगळे जग आपली भाषा शिकत असेल, तर आपण दुसऱ्याची कशाला शिकावी, हा त्यामागील हिशेब.

सिंगापूरचे यश वारंवार सांगितले जाते. तेथे १९८७पासून सर्व शाळांत इंग्रजी ही प्रथम भाषा झाली आणि मातृभाषा दुय्यम विषय उरल्या. इंग्रजी शिकवण्याचे काम त्यांनी चोख केले, यात शंका नाही. पण २०१० साली घरात प्रामुख्याने इंग्रजी बोलणाऱ्यांचे जे प्रमाण ३२.३ टक्के होते, ते २०२० साली ४८.३ टक्के झाले. माध्यम बदलले की दोन पिढ्यांत घर बदलते. शाळेत एक तासापुरती उरलेली भाषा घर सांभाळू शकत नाही.

मराठीच्या अध्यापनाची अवस्था या पार्श्वभूमीवर पाहावी. २०११च्या जनगणनेनुसार आठ कोटी तीस लाख लोकांची ही मातृभाषा. २०२० साली राज्यातील सर्व शाळांत ती सक्तीची करणारा कायदा झाला, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये तिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पण कायद्याने विषय वेळापत्रकात येतो, शिकवला जातोच असे नाही. इंग्रजी शाळेत मराठी हा गुण मिळवण्याचा सोपा विषय, आणि मराठी शाळेत तो मुलांना येतच असतो असे समजून दुर्लक्षिलेला विषय. मार्गदर्शकातील निबंध उतरवणे म्हणजे लेखन, आणि धड्याखालील प्रश्नांची उत्तरे पाठ करणे म्हणजे वाचन, अशी आपली समजूत झाली आहे. इंग्रजीच्या अध्यापनावर परिसंवाद होतात, निधी मिळतो, परकी तज्ज्ञ येतात. मराठी कशी शिकवावी, या प्रश्नावर तितकी मेहनत घेण्याची गरज आपल्याला वाटत नाही. इंग्रजीने मराठीला हटवले, असे आपण म्हणतो. वस्तुतः मराठीचा वर्ग आपणच आधी रिकामा केला.

काय करता येईल?

उपाय अवघड आहेत, पण अज्ञात नाहीत. पहिली गोष्ट, माध्यम आणि विषय यांतील भेद धोरणात स्पष्टपणे मांडावा आणि पालकांना तो समजावून सांगावा. दुसरी, प्राथमिक शाळांच्या प्रत्येक केंद्रात इंग्रजी शिकवण्यासाठी त्याच कामाचे शिक्षण घेतलेले स्वतंत्र शिक्षक नेमावेत. ते तीन-चार शाळांत फिरले तरी चालेल. इफेच्या प्रयोगाचा धडा हाच आहे. तिसरी, इंग्रजीच्या वर्गात मराठीला सन्मानाने परत घ्यावे. भाषांतर, तुलना आणि स्पष्टीकरण ही साधने आहेत. त्यांत लाजण्यासारखे काही नाही. चौथी, मुलाला आपल्या भाषेत निर्धोकपणे वाचता-लिहिता आल्यावरच इंग्रजी लेखन-वाचनाचा भर वाढवावा. तोवर गाणी, गोष्टी आणि संभाषण पुरे. पाचवी, आदिवासी मुलांसाठी पहिली काही वर्षे त्यांच्या भाषेचा पूल बांधावा. आणि सहावी, मराठीच्या अध्यापनालाही शिक्षक, पुस्तके व संशोधन यांची तेवढीच जोड द्यावी.

याला पैसा लागेल, आणि नेमके तेथेच घोडे अडेल. पहिलीपासून इंग्रजी सुरू करण्याच्या घोषणेला फार खर्च येत नाही. चांगला शिक्षक घडवण्यास मात्र वर्षे लागतात आणि पगारही द्यावा लागतो. म्हणूनच सर्व पक्षांच्या सरकारांना पहिला मार्ग सोयीचा वाटत आला आहे. पालकांनी आणि शिक्षकांनी आता शाळेच्या फलकावरील माध्यमाचे नाव विचारणे सोडून, मुलाला कोणत्या भाषेत काय वाचता आणि लिहिता येते, हे विचारावयास लागले पाहिजे. हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर इंग्रजी आणि मराठी या दोहोंचेही अध्यापन सुधारेल. तो विचारला गेला नाही, तर आणखी पंचवीस वर्षांनीही पाचवीतील चारांपैकी तीन मुले साध्या इंग्रजी वाक्यापाशी अडखळत उभी असतील, आणि आपण तेव्हाही आणखी एक भाषा पहिलीत आणावी की आणू नये, यावर भांडत असू.